ब्रेक नवे, मग पेडल मऊ का?

चंद्रपूर-मूल रस्त्यावर संध्याकाळी गाडी चालवलेल्या कुणालाही विचारा. लोहारा मागे पडलं की दोन्ही बाजूंनी जंगल सुरू होतं. चिचपल्लीच्या आसपास कधी चितळांचा कळप, कधी रानडुकराचं अख्खं खानदान, तर कधी गावाकडे परतणारी गुरं एकदम समोर येतात. वाघाचं तर सोडाच, त्याचे व्हिडिओ आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये पडून आहेत. तिकडे गडचिरोलीत आलापल्ली-आष्टी मार्गावर सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक, इकडे आपल्याकडे कोळशाचे. या रस्त्यांवर ब्रेक दाबला आणि पाय नेहमीपेक्षा दोन इंच जास्त खाली गेला, तर ते दोन इंच फार महाग पडू शकतात.

गंमत म्हणजे हा प्रकार जुन्या, झिजलेल्या ब्रेकपेक्षा नुकतेच बदललेल्या ब्रेकमध्येच जास्त अनुभवाला येतो. नवे पॅड टाकले, चाकं बसवली, ऐटीत गाडीत बसलो, आणि पेडल असं लागतं जणू उशीवर पाय ठेवला.

हल्ली आपल्यातली बरीच पोरं-पोरी घरची गाडी घरीच दुरुस्त करायला लागली आहेत. सेकंडहँड ऑल्टो नाहीतर वॅगन-आर, एक जॅक, पान्यांचा सेट आणि समोर मोबाईलवर व्हिडिओ. चांगली गोष्ट आहे. दोन पैसे वाचतात, हाताला काम कळतं. पण व्हिडिओ संपतो ‘हो गया, नए पॅड लग गए’ या वाक्यावर. त्यानंतर पेडल मऊ लागलं तर काय, हे सांगायला तिथं कुणी नसतं. मग ग्रुपमधला एखादा शहाणा हमखास म्हणतो, ‘नवे आहेत ना बे, बसतील दोन दिवसांत.’

या एका वाक्यावर माझा राग आहे. कारण ते अर्धं खरं आहे. नवे पॅड डिस्कवर घासून नीट बसायला थोडं अंतर जावं लागतं, हे बरोबर. तोवर ब्रेक जरा कमी पकडतो, पेडलही थोडंफार वेगळं लागतं. पण पाय पार खाली जाणं, पेडल स्पंजासारखं दबणं, किंवा दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली सरकणं, हे पॅड ‘बसण्या’चं लक्षण नाही. त्यातल्या प्रत्येकाचं कारण वेगळं असतं आणि ते बहुतेक वेळा पायालाच कळतं. फक्त पाय काय सांगतोय ते ऐकून घ्यायला हवं.

आता थोडं फिजिक्स. घाबरू नका, बारावीचंच आहे. पास्कलचा नियम आठवतो? बंद द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. ब्रेकमध्ये हेच होतं. पेडल दाबलं की बोनेटखालचा मास्टर सिलिंडर ब्रेक ऑईलवर दाब देतो, तो दाब नळ्यांमधून चारही चाकांपर्यंत जातो आणि तिथले पिस्टन पॅड डिस्कवर आवळतात. हे सगळं चालतं ते द्रव दबत नाही म्हणून. हवा मात्र दबते.

खात्री करायची असेल तर मेडिकलमधून एक सिरिंज आणा, सुई नको. पाण्याने गच्च भरा, तोंडावर बोट घट्ट धरा आणि दांडा दाबा. हलणार नाही. आता आत थोडी हवा राहू द्या आणि पुन्हा दाबा. दांडा आत जाईल आणि सोडल्यावर परत येईल. स्पंजी पेडल म्हणजे नेमकं हेच. तुमच्या पायाचा जोर पॅड आवळण्याऐवजी हवेचा बुडबुडा दाबण्यात खर्च होतोय.

पण लगेच ‘हवा काढा’ म्हणत पाना उचलू नका. आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: काम करताना ब्रेक ऑईलची लाईन कुठे उघडली होती का?

नुसते पॅड बदलले असतील तर लाईन उघडायची गरजच पडत नाही. अशा वेळी हवा आत शिरायचं तसं कारण नसतं. मग पाय खाली का जातो? तर जुने पॅड झिजले होते तेव्हा पिस्टन बराच बाहेर आलेला होता. नवे जाड पॅड बसवण्यासाठी तुम्ही तो मागे ढकलला. आता तो पॅडपर्यंत परत यायला हवा, आणि एकदा पेडल दाबून तेवढं ऑईल पुढे जात नाही. म्हणून चाकं बसवल्यावर, गाडी जागची हलवण्याआधी, पेडल पाच-दहा वेळा दाबायचं. पहिल्या दोन-तीन वेळा ते खाली जाईल, मग वर येऊन कडक होईल. एवढंच. हे न करता थेट रिव्हर्स टाकून गाडी काढली, तर पहिला ब्रेक लागणारच नाही. अंगणातल्या भिंतीला गाडी भिडण्याचे किस्से बहुतेक असेच घडतात. पेडल वर आलं की बोनेट उघडून ऑईलच्या डबीतली पातळी बघून घ्या, मिन आणि मॅक्सच्या मध्ये हवी.

पेडल दाबूनही मऊच राहिलं तर पुढची तपासणी. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद. पेडल भराभर चार-पाच वेळा दाबा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ते वर आलं, पण तरीही रबरी, उसळतं लागतंय? बहुधा हवा आहे. वर आलं आणि एकदम दगडासारखं कडक झालं? मग हवा नसेल, कुठेतरी जास्तीचा गॅप आहे. तो बहुतेक मागच्या ड्रममध्ये सापडतो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. ताडोब्यात धावणाऱ्या जिप्सीलाही तेच. मागचे लायनर नवे टाकले पण ते ड्रमच्या जवळ नीट ॲडजस्ट केले नाहीत, तर आधी ते अंतर कापण्यातच पेडल खाली जातं. अशा गाडीतून दहा वेळा हवा काढा, काही फरक पडणार नाही.

तिसरा प्रकार सगळ्यांत वाईट. पेडल जोर लावून धरून ठेवा, अर्धा-एक मिनिट. ते तुमच्या पायाखाली हळूहळू बुडत चाललंय? मग गाडी बाहेर काढायची नाही. कुठेतरी ऑईल गळतंय, नाहीतर मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर दाब धरत नाहीये. चाकांच्या आतली बाजू, होस पाईपचे जोड, आणि पेडलच्या वर जिथे दांडा आत जातो ती जागा हात फिरवून बघा. ओलं लागलं तर ती गळती. सगळं कोरडं असून पेडल बुडत असेल, तर संशय मास्टर सिलिंडरवर.

एक गोष्ट मात्र उगाच घाबरवते. इंजिन बंद असताना पेडल कडक असतं आणि गाडी चालू केली की ते किंचित खाली जातं. हा दोष नाही. इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा बूस्टर कामाला लागल्याची ती खूण आहे. उलट पेडल अजिबात हललं नाही तर बूस्टर तपासायला हवा.

लाल कॅलिपरची गोष्ट

आमच्या ग्रुपमधल्या एकाच्या घरी जुनी हॅचबॅक आहे. गेल्या सुट्टीत त्याने पुढचे पॅड बदलायचं ठरवलं, आणि ‘हात लावतोच आहे तर’ म्हणून कॅलिपर लाल रंगवायचेही ठरवले. स्पोर्ट्स कारसारखे. त्यासाठी दोन्ही कॅलिपर होस पाईपपासून सोडवून घरात आणले, घासले, रंगवले, वाळवले. दिसत होते भारीच, खोटं कशाला बोला.

बसवल्यावर पेडल स्पंज. लाईन उघडली होती, म्हणजे हवा शिरली असणार, हे त्यालाही माहीत होतं. मग हवा काढायचा कार्यक्रम सुरू झाला. एक जण आत पेडलवर, एक जण चाकाशी. ब्रेक ऑईलच्या तीन बाटल्या संपल्या. नळीतून बुडबुडे येणं थांबलं, तरी पेडल तसंच. मास्टर सिलिंडर गेला असणार, असं सगळ्यांनी मिळून जाहीर करून टाकलं. नवा घ्यायचा तर काही हजारांचा खड्डा.

शेवटी गल्लीतल्या गॅरेजवाल्या काकांना बोलावलं. ते चाकाशी वाकले, एक नजर टाकली आणि म्हणाले, ‘पोट्टेहो, निपल खाली कसा काय?’

डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे लागला होता. बऱ्याच गाड्यांमध्ये ते अदलाबदल करूनही बोल्टांवर बरोबर बसतात, म्हणून शंका येत नाही. पण हवा काढायचा निपल कॅलिपरच्या वरच्या टोकाला असावा लागतो. हवा वर तरंगते, त्यामुळे ती वरूनच बाहेर पडणार. निपल खाली आला की खालून नुसतं ऑईल वाहत राहतं आणि बुडबुडा वर आरामात बसून राहतो. तीन काय, तीस बाटल्या ओतल्या तरी तो जाणार नाही. कॅलिपर जागच्या जागी लावले, होसच्या बोल्टाला नवे तांब्याचे वॉशर टाकले, पुन्हा हवा काढली, आणि अर्ध्या तासात पेडल वर. जुना वॉशर एकदा चेपला की दुसऱ्यांदा नीट सील करेलच असं नाही, हे काकांनी जाता जाता सांगितलं. लाल रंगाबद्दल ते काही बोलले नाहीत.

हवा काढताना

पद्धत सोपी आहे, घाई केली तरच बिघडते. निपलला पारदर्शक नळी लावायची, तिचं दुसरं टोक थोडं ऑईल असलेल्या बाटलीत बुडवायचं. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये यासाठी सलाईनची नळी सर्रास वापरतात. आतला माणूस पेडल दाबून धरतो, बाहेरचा निपल थोडा सैल करतो, हवा-ऑईल बाहेर येतं, निपल बंद होतो, आणि मगच आतला पाय उचलतो. हा क्रम चुकून पाय आधी उचलला गेला तर बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणून दोघांनी मोठ्याने बोलत काम करावं: ‘दाब’, ‘धर’, ‘सोड’. वरची डबी मध्येच रिकामी होऊ देऊ नका. ती रिकामी झाली की मास्टर सिलिंडर हवा ओढतो आणि सगळं पहिल्यापासून.

कुठलं चाक आधी? सर्वसाधारण नियम असा की मास्टर सिलिंडरपासून सगळ्यांत लांबचं चाक आधी. आपल्या गाड्यांचं स्टेअरिंग उजवीकडे, मास्टर सिलिंडरही बहुधा त्याच बाजूला, म्हणजे सुरुवात मागच्या डाव्या चाकापासून. पण ब्रेकच्या लाईन तिरक्या जोडलेल्या गाड्यांमध्ये क्रम बदलतो, तेव्हा गाडीच्या पुस्तकात काय दिलंय ते बघा. ग्लोव्ह बॉक्समध्ये पीयूसीच्या जुन्या पावत्यांखाली ते पुस्तक सापडेल.

जुन्या गाडीत हवा काढताना पेडल पार तळाला टेकवू नका. मास्टर सिलिंडरचा जो भाग रोज वापरला जात नाही तिथे वर्षानुवर्षं मळ आणि गंज साचलेला असतो. रबर त्या भागात घासलं की फाटतं, आणि चांगला चाललेला सिलिंडर त्याच दिवशी कामातून जातो. पेडलखाली लाकडाचा एक ठोकळा ठेवला तरी पुरतं.

एबीएस असलेल्या गाडीत आणखी एक भानगड. हवा एबीएसच्या युनिटमध्ये अडकली तर काही गाड्यांमध्ये ती नुसत्या पेडल-निपलने निघत नाही. स्कॅनर लावून आतले व्हॉल्व्ह उघडावे लागतात. अशा वेळी गाडी वर्कशॉपला द्या. टो करून, चालवत नाही.

आता ब्रेक ऑईल या नावाबद्दल. ते ऑईल नाही! आपल्या गाड्यांमध्ये वापरतात ते डॉट ३ आणि डॉट ४ हे ग्लायकॉलवर आधारलेले द्रव आहेत. नावाला फसून कुणी त्यात इंजिन ऑईल किंवा स्टेअरिंग ऑईल टाकलं, तर ब्रेकमधली रबरं फुगतात आणि मग मास्टर सिलिंडरपासून चाकांपर्यंत सगळं उघडावं लागतं. झाकणावर डॉटचा जो आकडा लिहिलाय तोच आणायचा. डॉट ५ हा सिलिकॉनचा, वेगळ्या जातीचा द्रव आहे, तो यांच्यात मिसळत नाही. आणि रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर बोनेटचा रंग उचलला जातो.

या द्रवाची आणखी एक खोड म्हणजे तो हवेतली ओल शोषतो. कोरडा डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरलेल्याची मर्यादा १४० पर्यंत खाली येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. भरलेली गाडी घेऊन चिखलदऱ्याचा घाट उतरताना सतत ब्रेक दाबत राहिलात आणि ऑईल जुनं असेल, तर चाकाजवळ त्याची वाफ होऊ शकते. वाफ म्हणजे पुन्हा दबणारी वस्तू. वर चढताना ठणठणीत असलेलं पेडल खाली उतरताना मऊ होतं ते यामुळे. आपल्याकडे पावसाळ्यात हवा किती ओलसर असते ते सांगायला नको. गॅरेजच्या फळीवर गेल्या वर्षीपासून उघडी पडलेली अर्धी बाटली म्हणूनच घेऊ नका. सीलबंद छोटी बाटली फार महाग नसते. बऱ्याच कंपन्या साधारण दोन वर्षांनी हा द्रव बदलायला सांगतात, पण गाडी विकत घेतल्यापासून तो एकदाही न बदललेली कितीतरी घरं तुमच्या-माझ्या ओळखीची असतील.

पावसाळ्यावरून आठवलं. गडचिरोलीत नाल्याचं पाणी रस्त्यावर आलं की त्यातून गाडी काढली जाते (काढू नये, पण काढतात). त्यानंतर ब्रेक लागत नाहीत, तो प्रकार वेगळा. तिथे पेडल कडकच असतं, फक्त ओले लायनर पकडत नाहीत. हळू चालवत ब्रेक हलके दाबत राहिलं की ते वाळून पूर्ववत होतात. मऊ पेडल असं वाळून सुधारत नाही.

समजा, सगळं करूनही रस्त्यावर असताना पेडल अचानक खाली गेलं तर? आलापल्लीहून भामरागडकडे साठेक किलोमीटरच्या जंगलरस्त्यावर गॅरेज शोधत बसायची सोय नाही. आधी ॲक्सिलेटर सोडा. पेडल भराभर दाबत राहा, हवेमुळे खाली गेलं असेल तर थोडाफार दाब तयार होतो. एकेक गिअर खाली आणा. हँडब्रेक हळूहळू ओढा, त्याचं बटण दाबून धरूनच, म्हणजे चाक लॉक झालं तर लगेच सोडता येईल. बहुतेक छोट्या गाड्यांत हँडब्रेक तारेने मागच्या चाकांवर चालतो, ऑईल संपलं तरी तो काम करतो. चावी मात्र बंद करू नका. स्टेअरिंग जड होतं, आणि चावी काढली तर लॉकही होऊ शकतं. कारच्या ब्रेकची लाईन दोन स्वतंत्र भागांत विभागलेली असते, त्यामुळे एका भागातलं ऑईल गेलं तरी दुसऱ्याने गाडी थांबते, फक्त पाय खूप खाली जातो आणि अंतर जास्त लागतं. डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा हँडब्रेक सोडूनही जळत असेल, तर त्याच्यावर चिकटपट्टी लावणारे महाभाग आहेत. तुम्ही तो आधी बघा.

काम घरी करा नाहीतर गॅरेजमध्ये, पहिली ट्रायल हायवेवर नको. रिकाम्या मैदानात, दहा-वीसच्या वेगाने, आधी हँडब्रेक तपासून. चार-पाच वेळा थांबवून बघा, गाडी एका बाजूला ओढते का तेही कळेल. मग खाली उतरून चाकांमागे ओल आहे का ते पुन्हा एकदा बघा. आणि गाडी गॅरेजमधून आणायला जाल तेव्हा बिल देण्याआधी काकांना तीन गोष्टी विचारा: लाईन उघडली होती का, ऑईल कुठल्या डॉटचं टाकलं, आणि मागचे लायनर ॲडजस्ट केले का. चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट तो जुने पॅड हातात आणून दाखवतो. मग ड्रायव्हर सीटवर बसा आणि गिअर टाकण्याआधी पेडल दोनदा दाबून बघा.